शब्दसाठा आणि शब्दनिवड : मराठी निबंधाच्या अध्यापनाची एक चिकित्सा

१

मराठीच्या अध्यापनाची चर्चा सुरू झाली की विद्यार्थ्यांची शब्दसंपत्ती घटत चालल्याची तक्रार हटकून पुढे येते. तक्रार निराधार नाही. परंतु तिच्या मुळाशी शब्दाविषयीची जी समजूत आहे ती तपासून पाहिली पाहिजे. 'शब्दसंपत्ती' हे रूपकच असे सुचविते की शब्द हे साठवून ठेवण्याचे धन आहे आणि प्रसंगी ते बाहेर काढून मिरवायचे असते. शालेय पातळीवर निबंधाचे अध्यापन याच समजुतीवर चालत आले आहे. समानार्थी शब्दांच्या याद्या, वाक्प्रचार, म्हणी आणि सुभाषिते पाठ करावीत, आरंभी एखादी काव्यपंक्ती द्यावी आणि शेवट भावपूर्ण करावा, असा हा परिपाठ आहे. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, पंतप्रधान झालो तर काय करीन, पावसाळ्यातील एक दिवस हे विषयही त्याला पोषकच ठरतात. कल्पनाविलासाला त्यांत वाव आहे. एखादे मत मांडून ते सिद्ध करण्याची सक्ती मात्र नाही.

असा विद्यार्थी विद्यापीठात समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या किंवा साहित्याच्या वर्गात येतो तेव्हा त्याच्याकडून वेगळ्याच गोष्टीची अपेक्षा केली जाते. त्याने एक प्रश्न घ्यावा, त्याच्या बाजू वेगळ्या कराव्यात, पुरावा द्यावा आणि निष्कर्षाला यावे. इथे साठविलेले शब्द उपयोगी पडत नाहीत. मानव्यविद्येच्या वर्गात मराठी निबंध दुबळा राहतो त्याचे मोठे कारण शब्दांची कमतरता हे नसून जवळजवळच्या शब्दांमधील भेद विद्यार्थ्याला हाताळता येत नाही हे आहे. शब्द अलंकार म्हणून शिकविला की निबंध पोकळ होतो; भेद दाखविण्याचे साधन म्हणून शिकविला की निबंधाला कणा येतो. एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे आणि त्याचा आधार मराठी निबंधाच्या परंपरेतच सापडतो.

२

या परंपरेचा विचार साधारणपणे विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून सुरू करण्याची रीत आहे. तथापि वर्गातील निबंधाचा विचार करताना त्याआधीच्या एका लेखनाकडे वळणे अधिक फलदायी ठरते. १८५५ साली अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती. तिचे वय त्या वेळी सुमारे १४ वर्षांचे होते आणि शाळेत तिची अवघी तीन वर्षे झाली होती. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून या निबंधाचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. १९९१ साली सुसी थारू आणि के. ललिता यांच्या संपादनाने तो इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचला. निबंधरचनेचा नमुना म्हणून मात्र त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

या निबंधाची रचना पाहण्यासारखी आहे. वेद वाचण्याचा अधिकार एका वर्णापुरताच असेल, तर इतरांना धर्मग्रंथच उरला नाही. आणि ज्यांना धर्मग्रंथ नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती उपस्थित करते. प्रतिपक्षाचे गृहीतक मान्य करून त्यातूनच त्याला अडचणीत आणणारा निष्कर्ष काढण्याची ही रीत आहे. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तिला मोठे नाव असेल. मुक्तेने ते नाव न घेता ती रीत वापरली. त्यानंतर ती पेशवाईतील अत्याचारांकडे वळते, निवाऱ्यावाचून बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या हालांचे वर्णन करते आणि शेवटी आपल्याच लोकांना उद्देशून अज्ञान हा आजार व ज्ञान हे त्यावरचे औषध अशी प्रतिमा योजते. तत्त्वाचा प्रश्न, इतिहासाचा पुरावा, अनुभवाचा पुरावा आणि आवाहन असा हा क्रम आहे. प्रतिमा येते ती शेवटी, युक्तिवाद पुरा झाल्यावर. ती त्या युक्तिवादाचे काम पुढे नेते, त्याची जागा घेत नाही.

मिशनऱ्यांच्या नियतकालिकाला हिंदू धर्मव्यवस्थेवरील टीकेत स्वारस्य होते आणि विद्यार्थिनीच्या लेखनावर शिक्षकांचा संस्कार असणारच, असा आक्षेप येथे घेता येईल. तो मान्य करूनही एक गोष्ट उरते. या निबंधातले शब्द थोडे आहेत आणि ते रोजच्या वापरातले आहेत. त्यांचे बळ नेमकेपणात आहे. तीन वर्षांच्या शाळेत जेवढी भाषा हाती आली तेवढीच पुरी पडली, कारण सांगण्यासारखे काही होते आणि ते सांगताना कोणता शब्द कोणावर रोखला आहे हे लिहिणारीला ठाऊक होते.

३

जानेवारी १८७४ मध्ये चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिती', 'भाषापद्धती', 'वाचन', 'डॉ. जॉन्सन' अशा विषयांवरचे हे लेखन मराठी गद्याला प्रौढपण देणारे ठरले, याविषयी दुमत नाही. शिक्षकी पेशातील माणसाने एकहाती चालविलेले हे मासिक होते, हे विसरता कामा नये. शास्त्रीबुवांच्या निबंधाची खरी शक्ती त्यांच्या लांब, वळणदार वाक्यांत वा उपरोधात शोधली जाते. पण ती शक्ती वस्तुतः पूर्वपक्ष मांडण्याच्या त्यांच्या सवयीत आहे. खंडन करायचे ते मत आधी मांडायचे आणि मग एकेक मुद्दा घेऊन त्याचा समाचार घ्यायचा, ही शास्त्रार्थाची जुनी पद्धत त्यांनी इंग्रजी निबंधाच्या वाचनाशी जोडली.

शाळेने या वारशातून काय उचलले? भारदस्त शब्द उचलले, संस्कृतप्रचुर पदावली उचलली. पूर्वपक्ष मात्र मागेच राहिला. आजच्या विद्यार्थ्याच्या निबंधात विरुद्ध मत बहुधा नसतेच. असले तर 'काही लोक असे म्हणतात' इतकेच असते. ते लोक कोण, आणि त्यांना तसे का वाटते, हे सांगण्याची गरज कोणी त्याला दाखवून दिलेली नसते.

निबंधमालेच्या वारशाला दुसरीही एक बाजू आहे. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा परामर्श घेताना शास्त्रीबुवांनी त्यांच्या भाषेतील अशुद्धतेची टवाळी केली. विचाराला उत्तर देण्यापूर्वी लिहिणाऱ्याचे व्याकरण काढायचे, ही प्रवृत्ती मराठी वर्गात दीर्घकाळ टिकली. लेखनशुद्धी आवश्यकच आहे. परंतु ती प्रवेशद्वारावरचा पहारेकरी झाली की ज्यांच्या घरी प्रमाणभाषा बोलली जात नाही ते विद्यार्थी लिहिण्याचेच टाळतात. सुरक्षित, गुळगुळीत, कोणाचीही नसलेली वाक्ये ते पसंत करतात. चूक होण्याचे भय ज्याला आहे तो नेमका शब्द शोधण्याच्या फंदात पडत नाही.

या दृष्टीने १८८२ साली प्रसिद्ध झालेले ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक निबंधमालेच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळाला दिलेले ते उत्तर होते. स्त्रियांवर लादलेला एकेक दोष घ्यायचा आणि तो पुरुषांत किती आहे हे तोलून दाखवायचे, अशी त्याची मांडणी आहे. शीर्षकातील 'तुलना' हा शब्द तेथे अक्षरशः कामाला लावलेला आहे. त्यातील भाषा घरातली, माजघरातली, प्रसंगी शिवराळ आहे. हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. घरातल्या बोलीत कठोर युक्तिवाद करता येतो, याचा इतका निर्विवाद पुरावा मराठीच्या वर्गातून जवळजवळ शतकभर बाहेर राहिला, ही घटना बोलकी आहे.

४

दिल्ली आणि तिच्या परिसरातील मराठी विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अधिक टोकदार होऊन येतो. येथे तीन प्रकारचे विद्यार्थी आढळतात. दिल्लीत वाढलेली मराठी कुटुंबांतील मुले आहेत. त्यांची घरची भाषा मराठी असली तरी शिक्षणाची भाषा हिंदी वा इंग्रजी आहे. महाराष्ट्रातून केंद्रीय विद्यापीठांत उच्च शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी आहेत. आणि जुन्या राजेंद्रनगरासारख्या वस्त्यांत राहून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे उमेदवार आहेत. या परीक्षेत २५० गुणांची निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, तीत दोन निबंध लिहावे लागतात आणि ते मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. मुभा असूनही अनेकांना मराठीचा विश्वास वाटत नाही. कारण विचारले तर 'शब्द सापडत नाहीत' हेच उत्तर मिळते.

शब्द सापडत नाहीत याचा एक अर्थ असा की ते सापडतात, पण शेजारच्या भाषेतले सापडतात. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, तत्सम शब्दांचे भांडार एक. त्यामुळे शब्द आपलाच आहे असा भास होतो. मानव्यविद्येच्या परिभाषेतच हा भास सर्वांत घातक ठरतो. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, मराठीत ज्ञानाचा पद्धतशीर शोध. 'संविधानातील संशोधन' असे मराठीत लिहिणारा विद्यार्थी घटनादुरुस्तीविषयी बोलत असतो आणि वाचक संविधानाच्या अभ्यासाविषयी वाचत असतो. हिंदीतील 'परिभाषा' ही मराठीतील व्याख्या. मराठीतील 'परिभाषा' म्हणजे शास्त्राची संज्ञावली. आणि हिंदीतील 'व्याख्या' म्हणजे स्पष्टीकरण. 'प्रबंध' हिंदीत व्यवस्था आहे, मराठीत पीएच.डी.साठी लिहायचा ग्रंथ. 'शोध' हिंदीत संशोधन, मराठीत नव्याने लागलेली गोष्ट. 'आपत्ति' हिंदीत आक्षेप, मराठीत संकट. 'शिक्षा' या शब्दाविषयी तर काही सांगायलाच नको. एका भाषेतील वरदान दुसऱ्या भाषेतील दंड आहे.

या जोड्यांकडे केवळ चुका म्हणून पाहणे हा अध्यापनातील आळस होय. दिल्लीच्या वर्गाला लाभलेले हे साहित्य पुण्याच्या वर्गाला सहज मिळणारे नाही. 'व्याख्या' आणि 'परिभाषा' यांतील फरक समजावून घेताना विद्यार्थ्याला व्याख्या म्हणजे काय, ती कशासाठी करायची, स्पष्टीकरण तिच्याहून वेगळे कसे, हे सारे विचारावे लागते. शब्दाचा भेद हा येथे विचाराचाच भेद असतो. द्विभाषिक परिसराची अडचण अशा रीतीने वर्गाचे भांडवल होऊ शकते.

५

हे प्रतिपादन एका विषयावर पडताळून पाहता येईल. 'स्थलांतर' हा विषय दिल्लीच्या कोणत्याही वर्गात अपरिहार्य आहे. निबंधाच्या रूढ साच्यात त्याचा आरंभ कसा होतो हे दाखविण्यासाठी एक वाक्य रचून पाहू : 'आजच्या गतिमान युगात स्थलांतर ही एक ज्वलंत समस्या बनली असून तिचे विविध पैलू समाजजीवनावर दूरगामी परिणाम करीत आहेत.' या वाक्यात व्याकरणदोष नाही आणि शब्दही भारदस्त आहेत. पण 'स्थलांतर' हा शब्द काढून तेथे प्रदूषण, बेरोजगारी किंवा व्यसनाधीनता घातली तरी वाक्य तसेच उभे राहते. ज्या वाक्यातला विषय बदलला तरी काहीच बदलत नाही ते वाक्य त्या विषयाविषयी काहीही सांगत नसते. ही कसोटी विद्यार्थ्याला एकदा कळली की ती तो स्वतःच्या लेखनाला लावू शकतो. त्यासाठी शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

आता शब्दनिवडीकडे वळू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर गावी परतू पाहणाऱ्या मजुरांची अलोट गर्दी झाली. हिंदी वृत्तपत्रांनी त्यासाठी 'पलायन' हा शब्द सर्रास वापरला. मराठीत पलायन म्हणजे पळ काढणे. त्यात भित्रेपणाची वा गुन्ह्याची छटा आहे. तोच शब्द मराठी निबंधात आला की मजुरांविषयी एक निवाडा नकळत होऊन बसतो. मराठीत 'स्थलांतर' आहे, ते तटस्थ आहे आणि कोण कशामुळे गेले हे सांगत नाही. 'विस्थापन' म्हटले की कोणी तरी हलविले हे आले. धरण, खाण, रस्ता आला. 'परागंदा' म्हटले की घर तुटणे आले. आणि मराठवाड्यात ज्याला 'जगायला जाणे' म्हणतात त्यात सारे अर्थशास्त्र दोन शब्दांत सामावले आहे : मूळ जागी जगणे शक्य उरले नाही, हे विधान त्या क्रियापदातच आहे. यांपैकी कोणता शब्द घ्यायचा हे ठरविताना विद्यार्थ्याला कारणमीमांसा करावीच लागते. शब्दाची निवड हाच निबंधाचा पहिला युक्तिवाद ठरतो.

बीड जिल्ह्यातून आलेल्या विद्यार्थ्याजवळ या विषयाची शब्दावली आधीच असते. फक्त ती निबंधात आणायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी हे कामाचे एकक आहे आणि त्या एककाचे ते नाव आहे. बाईचे श्रम स्वतंत्रपणे मोजले न जाण्याची सारी चर्चा या एका शब्दावर उभी करता येते. 'उचल' या शब्दाला कोशात 'आगाऊ रक्कम' हा प्रतिशब्द मिळेल, पण हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आणि पुढच्या हंगामापर्यंत माणसाला बांधून ठेवणारी ती रक्कम 'आगाऊ' या शब्दाने व्यक्त होत नाही. 'टोळी', 'कोपी' हे शब्दही असेच. विद्यार्थ्याने ते अवतरणचिन्हांत लाजत ठेवू नयेत. त्यांची व्याख्या करावी, त्यांच्या शेजारी 'कर्जबंधन', 'हंगामी स्थलांतर' या शास्त्रीय संज्ञा ठेवाव्यात आणि दोहोंत काय जुळते, काय जुळत नाही ते लिहावे. बोलीतला शब्द आणि परिभाषेतला शब्द यांची अशी गाठ पडते तेथेच मानव्यविद्येतील मूळचे लेखन जन्म घेते. मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे यांनी नेमके हेच केले होते.

६

अध्यापनाच्या पातळीवर यातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली शब्दवहीची. तीत समानार्थी शब्दांची यादी नको. एकमेकांच्या जवळचे दोन शब्द, त्यांतील फरक सांगणारे एक वाक्य आणि तो शब्द जेथे भेटला त्या मजकुराचा उल्लेख असावा. आठवड्याला अशा पाच जोड्या झाल्या तरी वर्षअखेरीस विद्यार्थ्याजवळ स्वतः तयार केलेला एक छोटा कोश होतो. दुसरी कोशवाचनाची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्दसंख्या ६०,००० च्या घरात गेली. दाते-कर्वे प्रभृतींच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. शब्द कोठला, कोणत्या व्यवहारातला, त्याच्या छटा कोणत्या, हे या कोशांत दिसते. प्रतिशब्द टिपून कोश मिटणे आणि नोंद सावकाश वाचणे यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. यांतील मोल्सवर्थ आता संगणकावर विनामूल्य पाहता येतो, त्यामुळे दिल्लीत मराठी ग्रंथ मिळत नाहीत ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

तिसरी गोष्ट पूर्वपक्षाची. प्रत्येक निबंधात एक परिच्छेद विरुद्ध मताला द्यावा आणि ते मत ज्याचे आहे त्याला मान्य होईल अशा शब्दांत तो लिहावा, एवढा एकच नियम वर्गात पाळला तरी विद्यार्थ्याची भाषा बदलते. 'तथापि', 'असे असले तरी', 'एवढ्यावरून', 'याउलट' ही अव्यये पाठ करून येत नाहीत. दोन मतांमधून वाट काढायची वेळ आली की ती आपोआप लागतात आणि मग अंगवळणी पडतात. चौथी गोष्ट पुनर्लेखनाची. आपल्याकडे निबंध एकदाच लिहिला जातो, तपासला जातो आणि संपतो. पहिल्या खर्ड्यात शिक्षकाने केवळ युक्तिवाद पाहावा, दुसऱ्यात शब्दनिवड आणि शेवटी लेखनशुद्धी. हा क्रम उलटा झाला की चिपळूणकरी टवाळीची पुनरावृत्ती होते : विचार ऐकून घेण्याआधी ऱ्हस्वदीर्घाचा निकाल लागतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की अशाने भाषेचे सौंदर्य लोपेल. हा आक्षेप सौंदर्य आणि सजावट यांना एकच मानतो. इरावती कर्वे किंवा दुर्गा भागवत यांचे गद्य सुंदर आहे, आणि त्यांच्या वाक्यातून एखादा शब्द काढला तर विचार लंगडा होतो. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे : परीक्षकाला भारदस्त भाषाच आवडते, मग विद्यार्थ्याने धोका का पत्करावा? या आक्षेपात तथ्य होते. पण आता असे गुळगुळीत, निर्दोष आणि कोणत्याही विषयाला चालणारे परिच्छेद यंत्रही क्षणात लिहून देऊ लागले आहे. जे यंत्राकडून फुकट मिळते त्याला गुण देत राहणे कोणत्याही परीक्षकाला फार काळ परवडणारे नाही. 'कोयता' या शब्दापाशी थांबून त्यात बाईचे श्रम कोठे गेले असे विचारणारा विद्यार्थी मात्र आपली जागा राखून असेल.

७

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत झालेल्या संमेलनानंतर हा योग पुन्हा आला. अभिजाततेचा पुरावा प्राचीन ग्रंथांत शोधला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु भाषा ज्ञानभाषा म्हणून टिकते की नाही याचा पुरावा त्या त्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या वहीत असतो. आपल्या प्रश्नाविषयी मराठीतून नेमके लिहिता येते असा विश्वास ज्याला उरत नाही तो इंग्रजीकडे वळतो. आणि इंग्रजीतही तो सांगण्याजोगे घरचे शब्द मागे ठेवूनच जातो. तेव्हा नुकसान एका विद्यार्थ्याचे होत नाही. 'उचल', 'कोयता', 'जगायला जाणे' या शब्दांत साठलेले समाजाचे ज्ञान शास्त्रापर्यंत पोहोचायचे राहून जाते.

पुण्याच्या एका लहानशा शाळेतील मुलीचा निबंध पावणेदोनशे वर्षांच्या उंबरठ्यावरही वाचला जातो. तिच्या वर्गात समानार्थी शब्दांच्या किती याद्या पाठ करून घेतल्या जात होत्या हे कोणाला ठाऊक नाही. पण त्या वर्गात प्रश्न विचारण्याची मोकळीक होती, हे तिच्या निबंधावरून निश्चित सांगता येते. मराठी निबंधाच्या अध्यापनाचा पुनर्विचार करायचा तर तो त्या मोकळिकीपासूनच सुरू करावा लागेल.